खरेदीची वेळ : ग्राफिक्स कार्डाच्या निमित्ताने

आंब्याच्या दिवसांत आपल्याकडे घरोघर एक चर्चा ठरलेली असते. पाडव्याच्या सुमारास पहिली पेटी बाजारात दिसते, आपण भाव विचारतो आणि म्हणतो, "आत्ता नको, अक्षय्य तृतीया होऊ द्या, उतरेल." भाव उतरतोही. पण फार थांबलो तर वळवाचा पाऊस येतो, आणि मग स्वस्त झालेल्या पेटीत निम्मे आंबे डागी निघतात. ज्या वस्तूविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ती आंब्यासारखी नासत नाही, आणि तिला वासही येत नाही. तरी तिच्या खरेदीतली घालमेल अगदी हीच. वस्तू म्हणजे संगणकाचे ग्राफिक्स कार्ड. दुकानात सूट लागलेली आहे, नवा माल येणार अशी बोलवा आहे, आणि खिशात पैसे मोजकेच आहेत. घ्यावे की थांबावे?

ज्यांनी हे कार्ड पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. संगणकाच्या पेटीत आडवी बसणारी, वीत-सव्वा वीत लांबीची, दोन-तीन पंखे लावलेली ही एक जाड पाटी असते. तिचे काम गणिताचे. साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे मिळून २०,७३,६०० ठिपके असतात. चित्र हलते दिसायचे तर प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा ठरवायला हवा. म्हणजे सेकंदाला बारा कोटींहून अधिक वेळा 'इथे कोणता रंग?' या प्रश्नाचे उत्तर द्यायचे! संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या विद्वान प्राध्यापकासारखा असतो. गणित कितीही अवघड असो, सोडवील, पण एका वेळी थोडीच. ग्राफिक्स कार्डावर मात्र हजारो साधे हिशेबनीस एका ओळीत बसवलेले असतात. ज्या कार्डाची गोष्ट मी पुढे सांगणार आहे त्या आरटीएक्स ४०७० सुपरमध्ये असे ७,१६८ हिशेबनीस आहेत.

खेळांसाठी जन्मलेली ही पलटण इतर कामांनाही जुंपता येते हे लोकांच्या लवकरच लक्षात आले. घर बांधण्याआधी त्याचे हुबेहूब चित्र काढणे, चलच्चित्रे बनवणे, कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रतिमाने शिकवणे, मध्यंतरी काही वर्षे तर आभासी नाणी 'खणणे', ही सारी कामे याच जातीच्या चिपांवर झाली. म्हणून या कार्डाचा भाव खेळणाऱ्या पोरांच्या हातात राहिलेला नाही. तो भलत्याच बाजारात ठरतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा; पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच निघतो.

२०२४ च्या दिवाळीच्या आधी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती अंतर्गत सजावट करणाऱ्यांना खोल्यांची चित्रे तयार करून देते. भिंत कशी दिसेल, खिडकीतून ऊन कुठवर येईल, असे सगळे त्या चित्रात असते. तिच्याजवळचे कार्ड जुने, ४ जीबी मेमरीचे. एक चित्र पुरे व्हायला रात्र जायची, आणि सकाळी गिऱ्हाईक म्हणायचे, "सोफा जरा निळा करून बघू या." की पुन्हा एक रात्र. मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात तिला आरटीएक्स ४०७० सुपर ५८,००० रुपयांना मिळत होते. ही रक्कम म्हणजे तिची दीड वर्षाची शिल्लक. भाऊ म्हणत होता, "वेडी आहेस का? जानेवारीत नवी मालिका येतेय, हे कार्ड मातीमोल होईल." तिने मला विचारले, "सर, घेऊ की थांबू?"

खरे सांगायचे तर मला लगेच उत्तर देवेना. कारण एकदा मी असा सल्ला दिलेला आहे, आणि तो एकाला महागात पडलेला आहे.

२०२० च्या ऑगस्टमध्ये माझा भाचा याच प्रश्नाने अडला होता. तो ॲनिमेशन शिकत होता. त्याला एक बऱ्यापैकी कार्ड सवलतीत मिळत होते. मी वाचून-सवरून त्याला सांगितले, "थांब, महिनाभरात नवी मालिका जाहीर होतेय." आणि झालेही तसेच. १ सप्टेंबर २०२० रोजी एनव्हिडिया कंपनीने ३० क्रमांकाची मालिका जाहीर केली. आरटीएक्स ३०७० ची किंमत ४९९ डॉलर, आणि वेग आधीच्या हजार डॉलरच्या २०८० टीआयच्या तोडीचा! त्या घोषणेने घाबरून परदेशात कित्येकांनी आपली २०८० टीआय कार्डे निम्म्या किमतीला विकून टाकली. मी भाच्याला म्हटले, "बघ, मामाचं ऐकलंस म्हणून वाचलास."

पुढे काय झाले ते ठाऊक आहेच. त्याच महिन्यात आरटीएक्स ३०८० विक्रीला आले आणि काही मिनिटांत संपले. महासाथीमुळे घरी बसलेल्या लोकांची मागणी, चिपांची टंचाई, आणि वर इथेरियम नावाच्या आभासी नाण्याचा चढलेला भाव. खाणकामवाले कार्डे गठ्ठ्याने उचलू लागले. छापील किंमत ही नुसती छापण्यापुरती उरली. बाजारात दीडपट-दुप्पट मोजले तरी कार्ड मिळेना. भाव खऱ्या अर्थाने उतरले ते २०२२ च्या उन्हाळ्यानंतर. आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धतच बदलली, कार्डांवर ते नाणे खणण्याचे कारणच उरले नाही. तोवर भाच्याचा अभ्यासक्रम संपत आला होता. टाळेबंदीत कॉलेजची प्रयोगशाळा बंद, घरचा संगणक लंगडा. दोन मिनिटांची फिल्म योजली होती, ती त्याने चाळीस सेकंदांची केली. त्याने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

आता गंमत पाहा. याच्या उलट उदाहरणही तितकेच खरे आहे. ज्यांनी २०२२ च्या जानेवारीत धीर सोडून दुप्पट किमतीत कार्ड घेतले त्यांना सहा-आठ महिन्यांत तेच कार्ड निम्म्याला मिळताना पाहावे लागले. २०२३ च्या डिसेंबरात ज्यांनी आरटीएक्स ४०८० घेतले, त्याची मूळ किंमत १,१९९ डॉलर, त्यांच्यासमोर महिन्याभरात ४०८० सुपर ९९९ डॉलरला आले, आणि तेही थोडे सरसच. म्हणजे थांबणारा फसतो आणि घाई करणाराही फसतो. मग नियम कसला सांगायचा?

मला वाटते, आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. 'भाव उतरेल का?' याचे उत्तर आपल्या हाती नाही. भल्याभल्यांच्या हाती नाही. 'थांबण्याची किंमत मला काय पडते?' याचे उत्तर मात्र घरबसल्या काढता येते. त्या दिवशी आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो ते एवढ्यासाठीच.

५८,००० रुपयांचे कार्ड साधारण चार वर्षे वापरायचे धरले, तर महिन्याला सुमारे १,२०० रुपये पडतात. नवी मालिका जानेवारीत जाहीर झाली तरी तिच्या बेताचे कार्ड हाती पडायला मार्च उजाडणार, म्हणजे पाच महिने. पाच महिन्यांचे झाले ६,०००. थांबून एवढा तरी फायदा व्हायला हवा, नाही तर थांबणे आतबट्ट्याचे. यावर एखादा चलाख वाचक म्हणेल, "वा, उशिरा घेतले तर टिकेलही उशिरापर्यंत, मग तोटा कसला?" शंका रास्त आहे. पैशापुरते पाहिले तर त्यात तथ्यही आहे, कारण कार्डाचे वय त्याच्या जन्मापासून मोजायचे असते, आपल्या खरेदीपासून नव्हे. सवलतीत मिळणारे जुने कार्ड हे आधीच एक-दोन वर्षे जगलेले असते. पण ते वय बरेच मोठे असते हेही पाहा. २०१६ साली आलेल्या पास्कल पिढीच्या कार्डांना कंपनीने खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत पुरवले. नऊ वर्षे झाली! तेव्हा भाऊरायांचे 'मातीमोल' आम्ही तिथेच खोडून टाकले.

मग मी तिला दुसरा प्रश्न विचारला, "कार्ड नाही म्हणून तू किती कामं परत पाठवतेस?" ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, "महिन्याला दोन तरी. वेळेत होत नाहीत म्हणून घेतच नाही." एका कामाचे ३,०००. म्हणजे पाच महिन्यांचे ३०,०००! हा आकडा कागदावर उतरल्यावर पुढचे फारसे बोलावे लागले नाही. कुठलीही नवी मालिका तिला हे तीस हजार परत देणार नव्हती.

पण हेच गणित आमच्या शेजारच्या मुलाला लावा. त्याला 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या खेळाच्या सहाव्या भागासाठी कार्ड हवे होते. खेळ अजून आलेला नव्हता, आणि डिसेंबर २०२३ च्या घोषणेत तो प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या खेळयंत्रांपुरताच जाहीर झाला होता. संगणकाचे नावही नव्हते. पुढे २०२५ मध्ये तो दोनदा लांबणीवर पडला, मे २०२६ आणि मग नोव्हेंबर २०२६. त्या मुलाची थांबण्याची किंमत शून्य. न आलेल्या पाहुण्यासाठी आज स्वयंपाक कशाला? त्याला मी बेलाशक थांबायला सांगितले, आणि त्याच्या वडिलांनी मला चहा पाजला.

घ्यायचे ठरले तरी सूट खरी आहे का हे पाहायला हवे. पेटीवर छापलेली किंमत आणि दुकानातला चालू भाव यांचा आपल्याकडे फारसा संबंध नसतो. छापील ९०,००० वर काट मारून ६०,००० लिहिले म्हणजे तीस हजारांची सूट मिळाली असे नव्हे. दोन महिन्यांपूर्वी तेच कार्ड त्याच रस्त्यावर काय भावाने जात होते ते विचारा. वजाबाकी तिथून करायची. आमच्या या बाईंच्या दुकानदाराने 'पंधरा टक्के' म्हटले होते. दोन-चार ठिकाणी फोन केल्यावर खरी सूट सहा-सात टक्क्यांचीच निघाली. वाईट नव्हे, पण पंधराही नव्हे.

आणि डॉलरचा भाव पाहून हुरळू नका. अमेरिकेत जाहीर होणाऱ्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो. आरटीएक्स ५०७० जानेवारी २०२५ मध्ये ५४९ डॉलरला जाहीर झाले. तेव्हाच्या सुमारे ८६ रुपये दराने त्याचे ४७,२०० होतात. त्यावर आपला १८ टक्के जीएसटी धरला की ५५,७००. भारतासाठी जाहीर झालेली किंमत होती ५९,०००. म्हणजे दुकानदारावर उगाच चोरीचा आळ घ्यायला नको. बहुतेक फरक कराचाच आहे. अमेरिकेतल्या चुलतभावाकडून मागवावे असा मोह होतो. मागवा, पण तिथल्या कार्डाची हमी इथे चालेल का ते त्या कंपनीला आधी विचारा. अनेकदा चालत नाही, आणि बिघडलेले कार्ड परत समुद्रापार पाठवायचे तर वाचलेले पैसे टपालातच जातात.

सूट का दिली आहे, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. नवा माल येण्याआधी कोठार रिकामे करायचे असेल, तर ती सूट निरोगी. पण कधी कधी माल खपत नाही याचे कारण मालातच असते. २०२३ मध्ये आरटीएक्स ४०६० टीआय दोन रूपांत आले. ८ जीबीचे ३९९ डॉलरला आणि १६ जीबीचे ४९९ ला. चिप तीच, फरक मेमरीचा. खेळाला आठ बऱ्याचदा पुरतात. पण घराचे मोठे चित्र रंगवायचे असेल आणि त्यातला सगळा ऐवज कार्डाच्या मेमरीत मावला नाही, तर काम एक तर रखडते, नाही तर अडते. मेमरी कार्डावर डाख देऊन जोडलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. वेग थोडा कमी पडला तर माणूस वाट पाहतो. जागाच कमी पडली तर करणार काय? म्हणून व्यवसायासाठी घेणाऱ्याने वेगाच्या आधी जीबी पाहावेत असे माझे मत आहे. वापरलेली कार्डे स्वस्त मिळतात. घ्यायचीच तर ती संगणकात बसवून अर्धा तास जोरात चालवून पाहावीत आणि हमी किती उरली ते पावतीवरून मोजावे. पावती नसेल तर मी तरी हात लावणार नाही.

एक गोष्ट मात्र दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. ४०७० सुपर हे २२० वॉट खाते आणि त्यासाठी ६५० वॉटचा वीजपुरवठा सुचवलेला आहे. तिच्या संगणकात होता ४५० चा. म्हणजे तोही बदलणे आले. आणखी सहा हजार. पेटीत कार्ड लांबीला मावेल का, हे तिने घरी जाऊन फूटपट्टीने मोजले. नशिबाने मावत होते. आणि त्याहून आधीची तपासणी अशी, की काम खरोखर कार्डापाशीच अडते आहे ना? संगणकातला टास्क मॅनेजर उघडून पाहा. कार्ड शंभर टक्के राबत असेल, त्याची मेमरी काठोकाठ भरली असेल, तर कार्ड बदला. कार्ड निवांत बसले आहे आणि प्रोसेसर घामाघूम झाला आहे असे दिसले, तर ५८,००० खर्चूनही संगणक तसाच रेंगाळेल.

तिने कार्ड घेतले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. मी म्हटले, "घे, पण घेतल्यावर सहा महिने भाव बघायचे नाहीत." तिने ते अर्थातच ऐकले नाही.

६ जानेवारी २०२५ रोजी एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंग यांनी ५० क्रमांकाची मालिका जाहीर करताना सांगितले की ५४९ डॉलरचे ५०७० हे ४०९० इतके काम देईल. ४०९० म्हणजे १,५९९ डॉलरचे कार्ड! तिचा रात्री फोन आला. आवाज पडलेला होता. माझ्याही पोटात गोळा आला; म्हटले, झाले, आता दुसऱ्यांदा. पण बोलणे नीट पाहिल्यावर उलगडा झाला. ते 'तितके काम' मोजताना कार्डाने स्वतः काढलेल्या एका चित्रानंतर अंदाजाने भरलेली तीन चित्रे धरली होती. खेळात ती युक्ती चालते, हालचाल गुळगुळीत दिसते. पण जिथे प्रत्येक चित्र खरेच मोजून काढावे लागते तिथे तिचा काही उपयोग नाही. मार्चमध्ये ५०७० विक्रीला आले, परीक्षणे झाली, आणि बहुतेक कामांत ते ४०७० सुपरच्या आसपासच निघाले. मेमरी दोन्हींत १२ जीबीच. त्यात पहिले काही महिने जाहीर किमतीला ते मिळणे मुश्किल होते, आणि जुन्याचा साठा दुकानांतून आटत चालला होता.

याचा अर्थ मी शहाणा ठरलो असा घेऊ नका. ५०७० खरोखरच दुप्पट वेगवान निघाले असते तरी तिचा निर्णय बरोबरच होता, कारण तो त्या तीस हजारांवर घेतलेला होता. आणि २०२० मध्ये नवी कार्डे मुबलक मिळाली असती तरी माझा सल्ला चुकलेलाच होता. मी भाच्याला त्याच्या फिल्मची तारीख विचारलीच नव्हती.

इलेक्ट्रॉनिक माल काळाबरोबर स्वस्तच होत जातो, हा आपला एक जुना समज आहे. रेडिओ, घड्याळे, टेलिव्हिजन यांनी तो पक्का केला. २०२५ च्या उत्तरार्धात त्यालाही तडा गेला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांसाठी मेमरीच्या चिपा इतक्या प्रमाणात उचलल्या जाऊ लागल्या की सामान्य संगणकाच्या मेमरीचे भाव काही महिन्यांत चढत गेले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉन कंपनीने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा मेमरीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. ग्राफिक्स कार्डावरही मेमरी असतेच. तेव्हा 'थांबलो तर काही बिघडत नाही, निदान महाग तरी होणार नाही' हे गृहीत धरून कागद-पेन्सिल घेऊ नका. थांबण्याच्या रकान्यात भाव चढण्याचीही एक ओळ ठेवा.

एक बारीक गोष्ट राहिली. दुकानातले बिल बहुधा उष्णतेने छापणाऱ्या कागदावर येते, आणि त्याची अक्षरे वर्ष-सहा महिन्यांत उडून जातात. बऱ्याच कार्डांची हमी तीन वर्षांची असते. तिसऱ्या वर्षी पंखा बिघडला आणि हातात कोरा कागद असला तर काय करणार? घरी येताना वाटेतच त्याची झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो घ्या, आणि कार्डावरचा अनुक्रमांक बिलावरच्या अनुक्रमांकाशी जुळतो का ते दुकानातून पाय काढण्याआधी पाहून घ्या. तिच्या बिलावर एक आकडा चुकला होता. दुकानदाराने तो पेनाने दुरुस्त करून वर शिक्का मारून दिला.